पकडलेले युरेनियम ठेवायचे कुठे?

वडोदऱ्यात बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कुठल्याही सोसायटीत ओट्याखाली वाकून पाहा. आरओ यंत्राची एक बारीक नळी मोरीत सोडलेली दिसेल. पाण्यातून वेगळे काढलेले क्षार त्या नळीतून निघून जातात. बोअरच्या पाण्यात युरेनियम असेल, तर तेही त्याच वाटेने जाते.

2018 मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी राजस्थान आणि गुजरातमधल्या 324 विहिरी तपासल्या. अनेक विहिरींत, विशेषतः राजस्थानातल्या, युरेनियम लिटरमागे 30 मायक्रोग्रॅमच्या वर होते. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा तेवढीच आहे. हे युरेनियम मुळात खडकातले. पाण्यातले बायकार्बोनेट ते विरघळवून ठेवते आणि बेसुमार उपशाने पातळी खाली गेली की ते आणखी सुटते. घात होतो तो मुख्यतः मूत्रपिंडांचा. पाणी उकळूनही युरेनियम जात नाही.

म्हणून सच्छिद्र पदार्थांकडे आशेने पाहिले जाते, आणि ते रास्तच आहे. त्यांच्यापैकीच एक असलेल्या धातू-सेंद्रिय जाळ्यांच्या संशोधनाला 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अशा काही जाळ्यांच्या एका ग्रॅमच्या पोटात हजारो चौरस मीटरचा पृष्ठभाग असतो. छिद्रांत अमिडॉक्झिमचे गट बसवले की युरेनियम तिथे अडकते. ग्रॅममागे शेकडो मिलिग्रॅम पकडल्याचे आकडे शोधनिबंधांत सापडतात.

पण हे आकडे बहुधा प्रयोगशाळेत बनवलेल्या, किंचित आम्लधर्मी आणि युरेनियमने गच्च द्रावणातले असतात. आपल्या विहिरीत युरेनियम कॅल्शियम आणि कार्बोनेट यांच्याशी जोडी जमवून विद्युतभारहीन होते आणि सहजासहजी चिकटत नाही. गुजरातच्या विहिरीच्या पाण्यावर महिनोन्महिने चाचणी झालेली नसेल, तर त्या आकड्यांवर गावाचे पाणी सोपवू नये.

मला जास्त काळजी वाटते ती पुढची. छिद्रे भरली की पदार्थ आम्लाने किंवा कार्बोनेटच्या द्रावणाने धुवावा लागतो. विहिरीत विखुरलेले युरेनियम मग बादलीभर द्रवात एकवटते. ती बादली कोण नेणार? वडोदऱ्याला हा प्रश्न नवा नाही. इथल्या कारखान्यांचे सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारा सुमारे 56 किलोमीटरचा कालवा 1983 मध्ये सुरू झाला. पाणी शहरापासून लांब गेले, पण वाटेवरच्या गावांतून विहिरी बिघडल्याच्या तक्रारी आल्या.

गावात युरेनियम पकडणारे संयंत्र बसवताना त्यातला सच्छिद्र पदार्थ किती लिटरनंतर बदलायचा, वापरलेला कोण परत नेणार आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी, हे निविदेतच हवे. नाहीतर काय होते ते इतरत्र दिसले आहे: पश्चिम बंगालात आर्सेनिक काढण्यासाठी हातपंपांना जोडलेली कितीतरी संयंत्रे देखभालीअभावी बंद पडली. लोक पुन्हा त्याच हातपंपांकडे वळले.