लेखनिक मागताना मान खाली कशाला?

‘तुमच्या मुलाला लेखनिक दिला तर उद्या बाकीचेही मागतील.’ मुख्याध्यापकांच्या खोलीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचा आता रागही येत नाही. राग येतो तो ‘जी सर’ म्हणून माघारी फिरणाऱ्या आपल्या पालकांचा. आणि तीनचाकी वाटताना फोटो काढून घेणाऱ्या, पण एका अर्जासाठी शाळेची पायरी न चढणाऱ्या आपल्या मोहल्ल्यातल्या पुढाऱ्यांचा.

दिव्यांग मुलाला लेखनिक आणि जादा वेळ देणं ही शाळेची मेहेरबानी नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात, कलम १७ मध्ये, ते लिहून ठेवलं आहे. ‘बाकीचे मागतील’ याचंही उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी दिलं आहे. खटला विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग. लिहिताना हात आखडणाऱ्या या उमेदवाराला आयोगाने लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं, कुणीतरी गैरफायदा घेईल म्हणून खऱ्या गरजूचा हक्क मारता येणार नाही. ४० टक्के दिव्यांगत्वाची अटही लेखनिकासाठी चालणार नाही. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्या परीक्षार्थींसाठी सूचना काढल्या, त्यात तासाला किमान २० मिनिटं जादा दिली होती. तरी आपले लोक अजून टक्के वाढवून घ्यायला सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत उभे!

पण निकाल उशिरा वापरला तर काय होतं तेही पाहा. २०२१ च्या ‘नीट’मध्ये डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा जादा तास मिळाला नाही, उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला खडसावलं, अन्यायावर उपाय शोधायला सांगितलं. फेरपरीक्षेचा आदेश मात्र दिला नाही. तो तास गेला तो गेलाच.

म्हणून निकालाची प्रत वकिलाच्या फायलीत नको, शाळेच्या अर्जाला जोडलेली हवी, तीही परीक्षेच्या काही महिने आधी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. नकार तोंडी मिळाला तर ‘लिहून द्या’ म्हणा. (एवढं ऐकूनच काही साहेबांचा सूर बदलतो.) लेखी नकार किंवा शिक्क्याची प्रत हातात असेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. ती पोस्टानेही जाते.