मोबाईलवर तुमचाच प्रयोग होतोय, पण विचारलं कुणी?

देवळाली कॅम्पमध्ये तुमच्या मोबाईलवर एका ॲपचं बटण हिरवं दिसतं आणि भगूरला राहणाऱ्या तुमच्या भावाला तेच केशरी दिसतं. हा बहुधा योगायोग नसतो. कंपनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे लोकांचे दोन गट करते, प्रत्येक गटाला वेगळं रूप दाखवते आणि कोणता गट ॲपवर जास्त रेंगाळला ते मोजते. याला ‘ए/बी टेस्टिंग’ म्हणतात.

पद्धत उत्तम आहे. नवी औषधंही आम्ही अशीच तपासतो. साधी सर्दी आठवड्याभरात आपोआप बरी होते. मग काढ्याने गुण आला की नुसत्या दिवसांनी? काढा न घेतलेल्यांशी तुलना केल्याशिवाय ते कळत नाही.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. तुलनेच्या ४७ गावांत नेहमीच्याच आरोग्यसेवा होत्या. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांत हजारी सुमारे ६० नवजात बाळं दगावत होती, तर या ३९ गावांत सुमारे २६. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, त्यामागे हे काम आहे.

मग ॲपच्या प्रयोगावर माझा आक्षेप का? तिथे बाळ जगलं का हे मोजलं. इथे बहुतेकदा तुमचा वेळ आणि खर्च मोजला जातो. तुमची झोप किती गेली, हे त्या हिशेबात सहसा नसतंच.

दुसरा मुद्दा संमतीचा. औषधाच्या चाचणीत सहभागी होणाऱ्याची लेखी संमती घेणं कायद्याने बंधनकारक आहे. फेसबुकने मात्र २०१२ मध्ये सुमारे ६,८९,००० लोकांना दिसणाऱ्या आनंदी-दुःखी पोस्ट कमी-जास्त करून त्यांच्या मनःस्थितीवरचा परिणाम तपासला, तोही त्यांना वेगळं न विचारता. माझं मत स्पष्ट आहे: बटणाच्या रंगाचं ठीक आहे, पण मन आणि झोप यांच्याशी खेळायचं असेल तर आधी विचारलंच पाहिजे.

तोवर एक प्रयोग तुम्हीच करा. एक आठवडा फोन उशाशी ठेवा, एक आठवडा दुसऱ्या खोलीत. रोज सकाळी झोप कशी लागली ते वहीत लिहा आणि दोन्ही आठवडे ताडून पाहा. औषधांचे प्रयोग मात्र स्वतःवर करू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.