पाच आणि साडेसातच्या मध्ये

ऐरोलीपासून खारघरपर्यंत बहुतेक जिममधला डंबेलचा रॅक अडीच किलोच्या टप्प्याने चढतो. 20 वरून 22.5 वर जाणाऱ्यासाठी ही वाढ साडेबारा टक्क्यांची; 5 वरून 7.5 वर जाणाऱ्यासाठी मात्र थेट 50 टक्क्यांची. ज्याची ताकद सर्वांत कमी, त्याच्यापुढेच सर्वांत मोठी उडी. नवख्या महिला आणि साठीपुढचे मेंबर इथेच अडतात. लॅटरल रेझमध्ये कंबर झुलते, खांदे कानांकडे चढतात आणि आपण म्हणतो, ‘अजून जोर लावा.’ इथे कमी पडतो तो मेंबरचा जोर नव्हे, आपला रॅक.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं 2009 चं मार्गदर्शन स्पष्ट आहे: ठरलेल्यापेक्षा एक-दोन रेप्स जास्त निघू लागले की वजन 2 ते 10 टक्के वाढवावं. पाच किलोवर ही वाढ फार तर अर्ध्या किलोची होते.

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेतही 2005 पासून बारवरचं वजन अडीचऐवजी एकेका किलोने वाढवता येतं. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण 249 किलोंना गेलं. तयारीच्या खेळाडूलाही एक किलो इतका जड असतो, तर नवख्या हाताला अडीच किलो सहज पेलतील असं आपण का धरून चालतो?

उपाय आपल्या हातात आहेत. आधी रेप्स वाढवा: आठवर सुरू केलेले सेट बारापर्यंत स्वच्छ निघू द्या, मगच वजनाला हात लावा. मग मनगटाला अर्ध्या किलोचा पट्टा बांधा, पण घट्ट. सैल पट्टा घसरतो. प्लेट बदलता येणारे डंबेल असतील तर अर्ध्या किलोच्या प्लेट ठेवा आणि दोन्ही टोकांना सारख्याच लावा, नाहीतर डंबेल एका बाजूला कलतो. प्रत्येक मेंबरचं वजन, सेट आणि रेप्स वहीत लिहा. वाढवायची वेळ अंदाजाने नव्हे, नोंदीवरून ठरवा.

जिममालकांना आमची आग्रहाची विनंती आहे: पुढच्या खरेदीत चाळीस किलोच्या जोडीआधी 6, 7, 8 आणि 9 किलोच्या जोड्या घ्या. चाळीसची जोडी मोजके लोक उचलतील. या चार जोड्या रोज, प्रत्येक बॅचला लागतील.