आधी ऊब, मग दूध
भोर-वेल्ह्याच्या धो-धो पावसात टाळू दुभंगलेलं कुत्र्याचं पिल्लू जन्मलं, की दया वाटीभर गाईच्या दुधाच्या रूपात धावते आणि तीच घात करते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडताही येत नाही. गार पडलेलं पोट दूध पचवत नाही, त्यात टाळूच्या फटीतून ते श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया. म्हणून आधी ऊब. मग पशुवैद्यकाकडून वापरायला शिकून घेतलेली नळी आणि पिल्लांसाठीचं तयार दूध, दर दोन-तीन तासांनी, पालथं ठेवूनच. शी-शूसाठीसुद्धा ओल्या कापसाने पुसावं लागतं. ‘निसर्गाला त्याचं काम करू द्या’ म्हणणारे अगदीच चूक नाहीत. फट फार मोठी असेल तर डॉक्टरही वेदनारहित मरण सुचवतील. पण वस्तीवर बिबट्याची चाहूल द्यायला कुत्रं हवं असतं, तेव्हा निसर्ग कुणाला आठवतो? शिवाय जगलेल्या पिल्लाची फट तीन-चार महिन्यांनी बऱ्याचदा शिवताही येते.