सल्फर क्रीकचा म्हातारा

जॅक लंडनची 'टू बिल्ड अ फायर' ही कथा वर्गात शिकवून झाली, तेव्हा बाकांवरून एकच निकाल ऐकू आला : मस्ती केली, मेला! मला हा निकाल पटला नाही.

युकॉनमधील निर्जन वाट. थंडी शून्याखाली ७५ अंश फॅरनहाइट. शून्याखाली ५० अंशांच्या पुढे एकट्याने प्रवास करू नये, असे सल्फर क्रीकच्या म्हाताऱ्याने बजावलेले असते. तरी नायक एक कुत्रा घेऊन निघतो. पण तो गाफील मुळीच नाही. बर्फाखाली दडलेल्या पाण्यावर त्याची बारीक नजर असते. पाय भिजण्यापूर्वी, दुपारच्या जेवणापुरती शेकोटी तो झकास पेटवतो. पाय भिजल्यावर दुसरीही पेटते, आणि नेमका तेव्हाच त्याला म्हातारा आठवून हसू येते. काटक्या ओढायला सोपे म्हणून ही शेकोटी त्याने झाडाखाली रचलेली असते. एकेक काटकी ओढताना फांद्या हलत राहतात आणि अखेर वरचे सारे बर्फ जाळावर कोसळते. पुढे बोटांना एक काडीही धरवत नाही; सत्तर काड्यांचा जुडगा तळव्यांत दाबून तो एकदम पेटवतो आणि स्वतःची कातडी भाजून घेतो.

म्हाताऱ्याचा सल्ला आता पुन्हा पाहा. शेकोटी कोठे पेटवावी, याचे त्यात अवाक्षर नाही. त्याने फक्त सोबती घ्यायला सांगितले होते. 'तुला येत नाही' असे तो म्हणतच नव्हता. येत असूनही चूक होते, आणि त्या वेळी दुसरे दोन हात लागतात, एवढेच त्याचे म्हणणे. हुशार माणसाला नेमके हेच अपमानास्पद वाटते.

लंडन स्वतः १८९७ साली क्लोंडाइकला गेला होता. १९०२ साली त्याने हीच गोष्ट मुलांच्या नियतकालिकासाठी लिहिली. तीत नायकाला नाव आहे. तो वाचतो आणि धडाही शिकतो. १९०८ च्या कथेत त्याने नाव काढले, नायकाला मारले. पहिली गोष्ट वाचून आपण मान डोलावतो आणि विसरतो. दुसरी छळते.

गेल्या वर्षी आम्ही चौघे एका गडावरून उतरत होतो. वाटेत एक गुराखी म्हणाला, ''पोरांनो, खालच्या वाडीतला कुणी संगती घ्या, रान दाट आहे.'' आमच्याजवळ नकाशा होता. आम्ही हसलो, आणि अंधार पडायच्या आत सुखरूप उतरलोही. अजून कँटीनमध्ये त्याचा विषय निघाला, की आम्ही हसतो.