खुर्चीतली बाई

या दिवाळी अंकाचा विषय ‘खुर्ची’. त्या निमित्ताने वर्षभर सलत असलेले बोलून टाकतो.

आपल्याकडची एखादी ग्रामसभा आठवा. सरपंच बाई निवडून आलेल्या, खुर्चीत मात्र त्यांचे यजमान. ठरावाचे रजिस्टर त्यांच्यापुढे, चहा सांगणारेही तेच. ‘बाईंची सही?’ म्हटले की, ‘घरून आणतो ना!’ लोक त्यांनाच ‘सरपंच’ म्हणून रामराम घालतात. महिला राखीव जागेवर हा मिशीवाला कसा, अशी हरकत कुणी घेत नाही.

भादलीत मात्र एका बाईचा अर्जच बाद झाला. बोदवडहून जळगावकडे जाताना भुसावळच्या पुढचे हे गाव. डिसेंबर २०२० मध्ये भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी महिला राखीव प्रभागातून ग्रामपंचायतीचा अर्ज भरला. त्या तृतीयपंथी, म्हणून तो नाकारला गेला. आपण स्त्री की पुरुष हे ज्याचे त्याने ठरवावे, हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालातच मान्य केला होता. अखेर २ जानेवारी २०२१ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अंजलीताईंचा अर्ज स्वीकारायला लावला. त्याच महिन्यात भादलीकरांनी त्यांना निवडूनही दिले. गाव अधिकाऱ्यांपेक्षा शहाणे निघाले.

मात्र निकालाबरोबर एक हमीही घेतली गेली: यापुढे आयुष्यभर स्त्री म्हणूनच राहायचे, संधीच्या मोहाने पुरुष म्हणून पुढे यायचे नाही. आमचा राग इथे आहे. तमाशात गड्याने लुगडे नेसले की गाव शिट्ट्या मारते. तेच लुगडे नेसून कुणी रोज नळावर, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत उभी राहिली की त्याच गावाला पुरावा हवा असतो. टोमणे झेलत बारा महिने बाई म्हणून जगणारीला मोह कसला? मोह असलाच तर तो बायकोच्या नावावर पाच वर्षे कारभार हाकणाऱ्याला आहे, आणि त्याच्याकडे साधा कागदही कुणी मागत नाही.

पुढच्या ग्रामसभेत हमीपत्र घ्यायचेच असेल तर आधी सरपंचपतींचे घ्या. खुर्ची आपोआप रिकामी होईल.



— संपादक, बोदवड