रानडुकरांचा गोतावळा तपासायला हवा

ऊसतोड सुरू झाली की सोलापूर जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत रानडुकराने फाडलेले रुग्ण येऊ लागतात. तोड शेवटच्या काही सऱ्यांपर्यंत आली की फडात दडलेले जनावर मुसंडी मारून बाहेर पडते आणि समोर कोयता घेतलेला माणूस असतो. सुळ्याची जखम बहुधा मांडीवर किंवा पोटरीवर. वरून लहान, आत खोल. ती साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजची लस व सीरम दोन्ही घ्यावे. हळद किंवा चुना भरू नये, हे दर वर्षी सांगावे लागते.

त्यामुळे रानडुकरे मारण्याची मागणी होते तेव्हा मला नवल वाटत नाही. पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकरांना परवानगी घेऊन मारण्याची तरतूद राज्यात आहे. बिहार आणि उत्तराखंडात तर २०१५-१६ मध्ये केंद्राने त्यांना काही काळ उपद्रवी प्राणीच ठरवले होते. पण ज्यांना मारतो ते कळप कोणते, कुठले, याची चौकशी कोणी करत नाही.

रानडुक्कर आणि उकिरड्यावर फिरणारे गावडुक्कर ही एकच प्रजाती. दोघांचा संकर होतो आणि ती पिल्ले पुढे विततही. पश्चिम युरोपातल्या रानडुकरात ३६ गुणसूत्रे असतात, पाळीव डुकरात ३८. तरी ३७ गुणसूत्रांचे संकरित डुक्कर ठणठणीत जगते. डुकराचा संपूर्ण जनुकसंच २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आशिया आणि युरोपातली रानडुकरे सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली आणि हिमयुगात युरोपातली संख्या घटल्याने तिथले वैविध्य आटले, आशियात ते जास्त टिकले, असे त्यातून दिसले.

जिल्ह्यापुरता प्रश्न याहून साधा आहे. माळशिरस-पंढरपूरच्या उसातले कळप आणि नान्नजच्या माळरानावरचे कळप एकाच गोतातले की वेगळे? भीमेचा काठ, उजनीचे कालवे आणि सलग ऊस त्यांना जोडत असेल. चौपदरी महामार्ग तोडत असेल. नुसते बघून हे कळत नाही. केस, विष्ठा किंवा कातडीच्या तुकड्यातल्या डीएनएवरून कळते. बाळाचे पितृत्व ठरवताना जशा खुणा जुळवतात, तशाच इथेही जुळवायच्या. रंग ठरवणाऱ्या एका जनुकावरून रानडुकरात पाळीव रक्त मिसळले आहे का, याचाही अंदाज येतो.

याची निकड आफ्रिकन स्वाइन फीव्हरमुळे आहे. २०२० मध्ये हा विषाणू आसाम आणि अरुणाचलात आढळला. २०२३ च्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या मुदुमलाईत रानडुकरे त्याने मेली. यावर औषध नाही आणि लागण झालेली बहुतेक डुकरे दगावतात. माणसाला हा रोग होत नाही, म्हणून आमच्या खात्याला त्याची फारशी फिकीर नसते. ज्याचे घर चार डुकरांवर चालते त्याला मात्र तो पुरता बुडवतो. आफ्रिकेतल्या वॉर्टहॉगच्या शरीरात हाच विषाणू राहतो, पण ते आजारी पडत नाही. आपल्या रानडुकराला ते संरक्षण नाही.

रानडुकरे आणि गावडुकरे उकिरड्यावर एकत्र येत असतील, तर रोगाला इकडून तिकडे जायला वाट तयारच आहे. त्यांचा संकर होत असेल, तर विषाणू येण्याआधीच ती वाट जनुकांत दिसेल.

मारण्याच्या हिशेबातही हेच येते. मादी चार महिन्यांच्या आत विते, एका वेळी चार-सहा पिल्ले. कळप एकमेकांशी जोडलेले असतील, तर एका गावात दहा मारली तरी शेजारच्या तालुक्यातून दहा येतील आणि शेतकऱ्याच्या हाती काही लागणार नाही. एखादा कळप एकटा पडलेला असेल, तर तेवढ्याच गोळ्यांनी तो संपेल. दोन्हींना एकच हुकूम लावणे म्हणजे तपासणी न करता सगळ्यांना एकच गोळी लिहून देण्यासारखे आहे.

परवानगीच्या आदेशात एक ओळ वाढवता येईल: मारलेल्या प्रत्येक रानडुकराच्या कानाचा नखाएवढा तुकडा, हातमोजे घालून, अल्कोहोलच्या कुपीत ठेवावा आणि कुपीवर गाव व तारीख लिहावी. वन्यप्राण्यांच्या डीएनएवर काम करणारी सीसीएमबीची ‘लॅकोन्स’ प्रयोगशाळा हैदराबादला आहे. सोलापुराहून रेल्वेने काही तासांचाच प्रवास आहे.